अवयवदानाची नोंद मागे घ्यायची आहे: नाशिकमध्ये नेमकं कुठे, काय करायचं?

गोदाकाठ:
अवयवदानाची नोंद कशी करायची हे सांगणारे पुष्कळ आहेत. केलेली नोंद मागे कशी घ्यायची, ते मात्र सलग कुठे वाचायला मिळत नाही. घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीचा निर्णय बदलला आहे. त्यांच्या नोंदी तीन ठिकाणी आहेत: नोटोच्या (केंद्र सरकारची राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था) पोर्टलवर आधार वापरून केलेली ऑनलाइन प्रतिज्ञा, एका शिबिरात भरलेला प्रतिज्ञेचा कागदी फॉर्म ७ आणि ड्रायव्हिंग लायसनवरची खूण. शिवाय कधीतरी देहदानाचाही अर्ज भरून ठेवलेला आहे.

प्रश्न असे: एका ठिकाणी रद्द केलं की सगळीकडे होतं का? कारण द्यावं लागतं का? आणि सगळं रद्द करूनही ऐन वेळी एखाद्या नातेवाइकाने "हो" म्हटलं तर काय?

निर्णय का बदलला यावर चर्चा नको, ही विनंती. तो त्यांचा प्रश्न आहे.

देवळालीकर:
कारण द्यावं लागत नाही. फॉर्म ७ च्या खालच्या टिपांमध्येच लिहिलेलं आहे की प्रतिज्ञा करणाऱ्याला ती मागे घेण्याचा पर्याय आहे. सही करताना त्या टिपा कोणी वाचत नाही एवढंच.

समन्वयक_नाशिक:
एका ठिकाणी रद्द केलं की सगळीकडे होतं, असं धरून चालू नका. चारही गोष्टी वेगळ्या समजून एकेक करा.

पोर्टलचं काम सगळ्यात सोपं. ज्या आधारने किंवा आभा क्रमांकाने (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) नोंद केली त्यानेच लॉगिन करा, ओटीपी टाका, खात्यात प्रतिज्ञा मागे घेण्याचा पर्याय आहे तो निवडा. ते जमत नसेल तर नोटोच्या १८००-११-४७७० या टोल फ्री क्रमांकावर फोन करूनही मागे घेता येते. फोन करताना नाव, जन्मतारीख, नोंदीच्या वेळचा मोबाइल नंबर आणि प्रतिज्ञेचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. मागे घेतल्यावर पडद्यावर जे दिसेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा.

अडतं ते बहुतेक ओटीपीवर. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला असतो किंवा मुलाचा असतो आणि मुलगा परगावी. मग आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्यावा लागतो, तो अद्ययावत झाला की पुढे.

आणखी एक. आधार-आभा वापरून चालणारं सध्याचं पोर्टल सप्टेंबर २०२३ पासूनचं आहे. त्याआधीची नोंद असेल तर ती या खात्यात दिसेलच असं नाही. तेव्हा फोनवर "जुनी नोंदही तपासा" असं स्पष्ट सांगा.

सिन्नरकर:
एवढा खटाटोप कशाला? डोनर कार्ड फाडून टाका, घरच्यांना सांगा, विषय संपला. आपल्याकडे शेवटी नातेवाइकांनाच विचारतात. त्यांनी नाही म्हटलं तर कुठलंही हॉस्पिटल हात लावत नाही.

कलम_तीन:
सिन्नरकर, व्यवहारात तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम ३ वाचा. दात्याने हयातीत, दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर लेखी संमती दिली असेल (त्यातला किमान एक साक्षीदार जवळचा नातेवाईक हवा), तर मृतदेह ज्याच्या ताब्यात आहे त्याने डॉक्टरांना अवयव काढण्यासाठी सोय करून द्यायची आहे. अपवाद असा की, दात्याने ती संमती नंतर मागे घेतली होती असं मानायला त्याच्याकडे कारण असेल तर नाही. म्हणजे संमती मागे घेणं कायद्याने गृहीत धरलेलंच आहे, पण ते घरच्यांना माहीत असायला हवं. कार्ड एकट्याने खोलीत बसून फाडलं तर हे "कारण" कुणाकडे राहिलं?

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. समजा प्रतिज्ञा कधी केलीच नव्हती. तरीही त्याच कलमाखाली, मृताने हयातीत अवयवदानाला हरकत घेतलेली नसेल, तर देह ताब्यात असलेली व्यक्ती परवानगी देऊ शकते, जोवर कुणा जवळच्या नातेवाइकाची हरकत नाही. म्हणजे नोंद रद्द केल्याने तुम्ही फक्त "काही न बोललेले" या रांगेत परत जाता. ज्यांना खरोखर नको आहे, त्यांनी नोंद रद्द करायचीच आणि वर "नको" असंही लेखी म्हणायचं. गोदाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

ओझरची:
हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाचलं. मग तो लेखी नकार स्टॅम्प पेपरवर हवा का? नोटरी?

कलम_तीन:
संमतीच्या फॉर्म ७ ला नोटरी लागत नाही, मग नकाराला कशाला लागावी? साधा कोरा कागद पुरतो. मजकूर साधारण असा:

"मी, (पूर्ण नाव), वय __, राहणार __, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे __. दिनांक __ रोजी फॉर्म ७ द्वारे / नोटो पोर्टलवर मी केलेली अवयव व ऊतीदानाची प्रतिज्ञा आजपासून मागे घेत आहे. माझ्या मृत्यूनंतर, मेंदूमृत घोषित झाल्यास त्यानंतरही, माझ्या शरीरातून कोणताही अवयव वा ऊती दानासाठी काढण्यास माझी हरकत आहे. हा निर्णय मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय घेतला आहे."

खाली तारीख, ठिकाण, सही, दोन साक्षीदारांची नावं, नातं आणि सह्या. एक साक्षीदार जवळचा नातेवाईक घ्या, म्हणजे संमतीला जे वजन असतं तेच नकारालाही मिळतं. "जवळचा नातेवाईक" यात कायद्याने पती-पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं येतात. जावई, सून, पुतण्या, भाचा येत नाहीत. शिबिरांतल्या फॉर्मवर ही चूक सर्रास दिसते.

"ऊती" हा शब्द गाळू नका. नुसतं "अवयव" लिहिलंत तर डोळे, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा यांच्याबद्दल वाद उरतो.

आणि हे मृत्युपत्रात लिहून ठेवू नका. मृत्युपत्र उघडेपर्यंत तेरावा झालेला असतो.

मखमलाबाद:
शेवटच्या दोन वाक्यांना +१.

पेठरोड:
लायसनचं सांगतो. परिवहनच्या फॉर्म २ मध्ये, अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदानाची इच्छा आहे का, असा रकाना असतो. तिथे "हो" केलं की कार्डावर तसं छापून येतं. नोटोवर मागे घेतलंत म्हणून छापलेलं कार्ड बदलणार नाही, हे उघड आहे.

फॉर्म २ हा नूतनीकरण, पत्ताबदल, नावदुरुस्ती या सगळ्याला चालणारा एकच अर्ज आहे. त्यामुळे यापैकी कुठल्याही कामासाठी अर्ज कराल तेव्हा तो रकाना पुन्हा समोर येतो. तेव्हा "नाही" निवडा. सारथी या लायसनच्या ऑनलाइन पोर्टलवर भरताना आधीची निवड तशीच येते का, हे सबमिट करण्यापूर्वी डोळ्यांखालून घाला. घाईत तिथेच निसटतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं खासगी लायसन वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे पंचविशीत सहज केलेली टिक पंधरा वर्षं खिशात राहते. ज्येष्ठांचं लायसन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाला येतं, त्यामुळे गोदाकाठ यांना फार थांबावं लागू नये. घाई असेल तर पेठ रोडच्या आरटीओत चौकशी करा.

कलम_तीन:
पेठरोड यांच्या माहितीला जोड: लायसनवरच्या टिकला दोन साक्षीदारांच्या सह्या नसतात. त्यामुळे कलम ३ मधल्या लेखी संमतीच्या तोडीची ती नाही. पण अपघातानंतर पोलिसांच्या आणि डॉक्टरांच्या हाती सगळ्यात आधी पाकीट लागतं, म्हणून ती खूण नातेवाइकांना गोंधळात टाकते. तोपर्यंत नकारपत्राची छोटी घडी लायसनच्या मागे ठेवा.

तांबटलेन:
गोदाकाठ यांची विनंती मान्य आहे, तरी एक विचारतो. सगळंच रद्द करण्याऐवजी काही भाग ठेवता येतात हे त्या ज्येष्ठांना माहीत आहे ना? मन वळवायचा हेतू नाही. बऱ्याच जणांना फक्त त्वचा किंवा हाडं हा भाग नकोसा वाटतो आणि ते सगळंच मागे घेतात.

नेत्रपेढी:
तांबटलेन, चांगला मुद्दा. फॉर्म ७ मध्ये प्रत्येक अवयव वेगळा लिहिलेला असतो: हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, यकृत, स्वादुपिंड वगैरे; ऊतींमध्ये डोळे, त्वचा, हाडं, झडपा, रक्तवाहिन्या. हवं तेवढंच निवडता येतं. आधीची प्रतिज्ञा मागे घेऊन मोजक्या अवयवांची नवी करणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग, कारण मग दोन परस्परविरोधी कागद उरत नाहीत.

नेत्रदानाबद्दल गैरसमज असतात म्हणून थोडं. मेंदूमृत होणं, आयसीयू, व्हेंटिलेटर यांचा नेत्रदानाशी संबंध नाही. घरी नैसर्गिक मृत्यू आला तरी सहा तासांच्या आत होतं. काम पंधरा-वीस मिनिटांचं. पारपटल (कॉर्निया) किंवा पूर्ण नेत्रगोल काढला तरी पापण्या मिटलेल्या राहतात, आत कॅप बसवतात, चेहरा बदलत नाही. तोवर डोक्याखाली उशी, पंखा बंद आणि पापण्यांवर ओला कापूस, एवढंच घरच्यांनी करायचं असतं. त्वचा मांड्या, पाय, पाठ इथून पातळ थराची काढतात. हाडं काढल्यावर आतून आधार देऊन अवयवाचा आकार ठेवतात.

हे वाचूनही नको वाटलं तर नकोच. नेत्रपेढीत वेगळा अर्ज भरलेला असेल तर तिथेही वेगळं पत्र द्या. तो अर्ज बहुधा नेत्रपेढीच्या स्वतःच्या वहीत असतो.

नाशिकरोड:
खूप जण मागे घेतात ते "आता शुगर आहे, बीपी आहे, माझं काय उपयोगाचं" म्हणून. त्यासाठी मागे घेण्याची गरज नाही. प्रतिज्ञा करायला वयाची वरची मर्यादा नाही, आणि कुठला अवयव चालेल हे मृत्यूच्या वेळी तपासण्या करून डॉक्टर ठरवतात. मधुमेह असला तरी कॉर्निया चालतो. हे कारण असेल तर नोंद राहू द्यावी, असं मला मनापासून वाटतं. मूत्रपिंडासाठी वर्षानुवर्षं डायलिसिसवर थांबणारी माणसं या शहरात आहेत.

ओझरची:
नाशिकरोड, धाग्याच्या पहिल्या पोस्टमधली शेवटची ओळ परत वाचा. नोंद करताना कुणी कारण विचारत नाही. काढतानाही विचारू नये.

नाशिकरोड:
ताई, मान्य. त्या ज्येष्ठांना उद्देशून नव्हतं, वाचणाऱ्या इतरांसाठी होतं.

सिन्नरकर:
अवांतर: अजून एक भीती कानावर येते. "नोंद आहे हे कळलं तर डॉक्टर वाचवायचा प्रयत्न कमी करतील." त्यामुळेही मागे घेतात.

समन्वयक_नाशिक:
ही भीती खरी असते, तिला हसून चालत नाही. म्हणून प्रक्रिया सांगतो.

मेंदूमृत ठरवणारं मंडळ चार डॉक्टरांचं असतं: रुग्णालयाचे प्रमुख, स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन, आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्यात बसू शकत नाही. सगळ्या चाचण्या दोनदा होतात, दोन्हींमध्ये किमान सहा तासांचं अंतर. त्यातली निर्णायक अ‍ॅप्निया टेस्ट: ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं काढतात आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर गेल्यावरही रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का ते बघतात. एकदा जरी छाती हलली तरी मेंदूमृत म्हणत नाहीत. शरीराचं तापमान फार कमी असेल, गुंगीच्या औषधांचा अंमल असेल, तर चाचणी करतच नाहीत. हे सगळं फॉर्म १० वर चौघांच्या सह्यांनी येतं.

त्यानंतर नातेवाइकांशी बोलणं होतं आणि फॉर्म ८ वर त्यांची संमती घेतात. नाशिक जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येतो, तेव्हा अवयव कुणाला जाणार ते तिथल्या यादीप्रमाणे ठरतं. उपचार करणाऱ्याच्या हातात ते नसतं.

मागे घेण्याच्या विषयातलं इथे एवढंच: फॉर्म ८ वर सही केल्यावरही, शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी नातेवाईक "नको" म्हणू शकतात. फक्त वेळ घालवू नका. रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला तोंडी सांगा आणि लगेच कागदावर लिहून द्या. कारण तोवर पुण्यात कुणाला तरी उपाशीपोटी दाखल करून ठेवलेलं असतं आणि डॉक्टरांची टीम दोनशे किलोमीटरवरून निघालेली असते. त्यांच्यासाठीही लवकर कळणं बरं.

शालिमार_चौक:
जिवंतपणी किडनी किंवा यकृताचा भाग देणाऱ्याचं काय? त्याला कधीपर्यंत मागे फिरता येतं?

कलम_तीन:
भूल देईपर्यंत. नवरा-बायको, आई-मुलगा कुणीही असो, फॉर्मवर सही झाली, तपासण्या झाल्या, समितीची मंजुरी आली, तरी दाता नाही म्हणू शकतो. पैसे खर्च झाले, तारीख मिळाली, ही कारणं त्याच्यावर लादता येत नाहीत.

२०१४ च्या नियमांत एक तरतूद फार महत्त्वाची आहे: दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणीतरी पडताळायची. घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर समन्वयकाला किंवा डॉक्टरांना एकटं भेटायचं आहे असं सांगा. तो तुमचा हक्क आहे. नकार दिल्याचं घरी कळू नये असं वाटत असेल तर तेही त्यांना सांगा. "दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढंच घरच्यांना कळवणारे डॉक्टर आहेत.

इंदिरानगरवाला:
परदेशात असलेल्यांनी लक्ष द्या. इंग्लंडमध्ये मे २०२० पासून उलटं आहे: प्रौढ व्यक्तीने नोंदवून नकार दिला नसेल तर संमती धरतात. तिथे राहणाऱ्या मुला-मुलींना "काहीच नोंदवलं नाही म्हणजे नाही" असं वाटत असेल तर ते चूक. भारतात तसं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर "आता सगळ्यांचे अवयव सरकार घेणार" असं फिरतं, ते खोटं आहे.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. पोर्टलचं काम झालं, फोनवर जुन्या नोंदीचंही विचारलं. नकारपत्राचा मसुदा घरी दाखवला, साक्षीदार म्हणून मुलगी आणि शेजारी. आता दोन गोष्टी राहिल्या. शिबिर ज्या मंडळाने घेतलं त्याचा पत्ताच नाही, मग कागदी फॉर्म ७ चं पत्र कुणाला द्यायचं? आणि देहदानाचं काय?

समन्वयक_नाशिक:
फॉर्म ७ च्या तीन प्रती असतात: एक नोंद करणाऱ्याकडे, एक जिथे भरला त्या संस्थेकडे, एक समन्वय संस्थेकडे. मंडळ सापडत नसेल तर थेट पुण्याच्या विभागीय केंद्राला पत्र पाठवा आणि दुसरी प्रत मुंबईत केईएम रुग्णालयातल्या रोटो-सोटोला (नोटोची प्रादेशिक व राज्य पातळीवरची संस्था). स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोच नकारपत्रालाच टाचून ठेवा. शिबिर सिव्हिलमध्ये किंवा एखाद्या खासगी रुग्णालयात झालं असेल तर तिथे हाती पत्र देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिबिरातले काही फॉर्म पुढे कुठे पोहोचतच नाहीत, पण पोहोचला नसेल असं धरून गप्प बसू नका.

आडगावकर:
देहदानाचा रस्ता पूर्ण वेगळा. तो अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याखाली येत नाही, १९४९ च्या शरीररचना कायद्याखाली येतो, आणि नोटोला त्याची काही माहिती नसते. अर्ज ज्या मेडिकल कॉलेजला दिला त्याच्या शरीररचनाशास्त्र विभागाला, म्हणजे अ‍ॅनाटॉमीला, पत्र द्यायचं. आपल्याकडे बहुधा आडगावचं मविप्रचं कॉलेज किंवा घोटीजवळचं एसएमबीटी असतं. अर्जाच्या प्रतीवर नोंदणी क्रमांक असेल, तो पत्रात घाला. मूळ अर्ज परत मागा. देत नसतील तर त्यावर "रद्द" असा शेरा मारून त्याची झेरॉक्स घ्या.

हे करायला विसरलात तर मोठा गोंधळ होतो. घरात कपाटात देहदानाचं कार्ड सापडतं, कुणीतरी कॉलेजला फोन लावतो आणि ऐन वेळी घरात दोन तट पडतात.

देवळालीकर:
साक्षीदार मुलगी आहे हे उत्तम. पण बाकीची मुलं कुठे आहेत? जो आयसीयूबाहेर बसलेला असेल त्यालाच विचारणार. त्याच्याकडे पत्राचा फोटो हवा.

मखमलाबाद:
घरच्यांच्या ग्रुपवर टाका आणि पिन करा. गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली दबू देऊ नका.

कलम_तीन:
ग्रुपवर टाकाच, पण नुसता फोटो नको. ज्येष्ठांनी स्वतः तीस सेकंदांचा व्हिडिओ करून सांगितलं तर अजून चांगलं: नाव, तारीख, "मी अवयवदान आणि देहदानाचा निर्णय मागे घेतला आहे." लेखी पत्राच्या जोडीला म्हणून ठेवायचा. भाऊ-बहिणींत मतभेद झाले तर आईचे किंवा वडिलांचे स्वतःचे शब्द ऐकल्यावर वाद मिटायला मदत होते.

पेठरोड:
आणि नियमित डॉक्टरांच्या फाइलमध्ये एक झेरॉक्स. ती फाइलच आधी हॉस्पिटलात जाते.

गोदाकाठ:
व्हिडिओचं पटलं. दोन्ही मुलांनाही सह्या करायला बोलावतो, साक्षीदार दोनच हवेत असं थोडंच आहे?

कलम_तीन:
नाही, "दोन किंवा अधिक". चौघांच्या सह्या घ्या. आणि पुन्हा कधी विचार बदलला तर नवा फॉर्म ७ भरता येतो. मागे घेतलं म्हणून दार बंद होत नाही. फक्त तेव्हा हे नकारपत्र फाडायला विसरू नका, आणि ज्यांना प्रती दिल्या त्या सगळ्यांकडच्या परत घ्या.